दाराबाहेरची खुर्ची

४ मार्च

जाऊबाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आणि फोटो दोन्ही मिळालं. काठी न धरता तुम्ही गेटपर्यंत चालत आलात आणि मागे मोठे भाऊजी उभे आहेत, हे पाहून बरं वाटलं. फोटो मी फ्रिजवर लावला होता. नंतर काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. ऊन लागून रंग उडतात.

माझं थोडं वाईट वर्तमान आहे. हे गेले त्याला सात महिने झाले. कपडे किती दिवस तसेच ठेवायचे, म्हणून मागच्या महिन्यात यांची बॅग माळ्यावरून काढायला गेले. बॅग हातात आली आणि पाठीत काडकन वाजलं. एक मणका दबला आहे आणि त्याच्या खालचा पुढे सरकला आहे. हाडं ठिसूळ झालीत, असं रिपोर्टात आलं. बसले की डाव्या पायात मुंग्या येतात, उभी राहिले की कळ येते. उपाय तुम्हाला केला तोच, स्क्रू आणि सळ्या.

इथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण उतावळ्या नाहीत. त्या म्हणतात, आधी चार-पाच महिने रोज इंजेक्शन घ्या, हाड जरा भरू दे, मग बघू. त्यांच्याकडे ऑपरेशन हातानेही करतात आणि यंत्रानेही. तुम्ही यंत्राने करून घेतलंत, म्हणून विचारते. कसं असतं ते? दुखतं का कमी?

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की तुम्ही आत होतात ते पाचही तास मोठे भाऊजी दाराबाहेरच्या खुर्चीत बसून होते. ते वाक्य मी पुन्हा वाचलं.

यांचे कपडे देऊन टाकले. एक तपकिरी स्वेटर तेवढा ठेवला, तो बिनबाह्यांचा. धुतलेला नाही.

तुमची,
धाकटी


१६ मार्च

प्रिय धाकटे, अनेक आशीर्वाद.

अगं, काळजाचं पाणी पाणी झालं पत्र वाचून! माळ्यावर चढायला कोणी सांगितलं होतं तुला? शेजारी माणसं राहतात की खांब? फोनच करणार होते, पण माझं कानातलं मशीन फोनवर शिट्ट्या मारतं आणि तू 'हं'च्या पुढे जात नाहीस. शिटी आणि हं यांचं बोलणं किती वेळ चालणार? त्यापेक्षा पत्र बरं.

आता माझ्या रोबोटचं ऐक. मुलाने परदेशातून सगळी व्यवस्था केली. म्हणाला, आईला जे सगळ्यात नवं असेल तेच. आधी पाठीचा आरपार फोटो काढतात, त्यावर संगणकात आखणी करतात की कुठला स्क्रू कुठून आणि किती तिरका जायचा. मग एक भलामोठा लोखंडी हात येतो आणि नेमक्या जागेवर थांबतो. केसाचाही फरक नाही म्हणे. मला काय, मी झोपलेले. पण इथे सगळे मला आता रोबोटकाकू म्हणतात. कोपऱ्यावरचा दुकानदार परवा विचारतो, "काकू, झोपताना चार्जिंगला लावता का?" म्हटलं, "तुझ्या तराजूपेक्षा माझी पाठ सरळ आहे, तेवढं बघ." तेव्हापासून वजनं नीट टाकतो.

पण तू मात्र हातानेच करून घे. कारणं विचारत बसू नकोस. तुझी चण लहान, तुला कशाला तो एवढा मोठा प्रकार? चांगल्या हाताला तोड नाही. डॉक्टरीणबाईंना सरळ सांग, मला हातानेच करायचंय म्हणून.

आणि एक सांग. तुझ्या फ्रिजवर ऊन कधीपासून यायला लागलं? तुझं स्वयंपाकघर उत्तरेला आहे.

तुझी,
जाऊबाई


३ एप्रिल

जाऊबाईंना नमस्कार.

तुमचा सल्ला मिळाला. आभारी आहे.

मी जास्त बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लिहितेही कमीच. पण या वेळी लिहिते. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा मला जे शिलाई मशीन मिळालं ते तुमचं जुनं होतं, कारण तुमच्याकडे नवं आलं होतं. कुकर तुमचा होता. लाकडी पलंग तुमचा होता, त्याचा एक पाय तुमच्या मुलाने करवतीने कापून बघितला होता. हिवाळ्यातला निळा कोट तुमचा होता. तो मला मोठा व्हायचा. तुम्ही म्हणायचात, तिची चण लहान आहे, खांद्याला दोन टाके घाला म्हणजे बसेल. नवं तुमच्याकडे आणि जुनं माझ्याकडे, हा नियम कुणी केला नव्हता, पण पाळला सगळ्यांनी. मीही पाळला. माझी तक्रार नव्हती, कारण यांची नव्हती.

आता पाठीच्या बाबतीतही तेच. नवं यंत्र तुम्हाला चालतं आणि मला हात पुरे. कारण काय, तर चण लहान. जाऊबाई, कोटाला टाके घालता आले, तर यंत्रालाही घालता येतील.

मी डॉक्टरीणबाईंना यंत्रच सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "कोणी सुचवलं?" मी म्हटलं, "कोणी नाही."

इंजेक्शन सुरू झालं. पेनासारखं असतं, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. पोटाला स्वतःच टोचायचं. फ्रिजवर ऊन येत नाही, हे खरं आहे.

धाकटी


२१ एप्रिल

धाकटे,

पस्तीस वर्षं एवढं पोटात ठेवलंस होय? मग मणका दबेल नाहीतर काय होईल!

हेवा करायचा तर नीट माहिती घेऊन करावा. शिलाई मशीन तुला जुनं मिळालं, खरंय. आल्या आल्या धाकटे भाऊजींनी ते उघडून जमिनीवर मांडलं, पुर्जा न पुर्जा पुसला, तेल घातलं, तुझी उंची मोजून स्टुलाचे पाय कापले. मी दारात उभी राहून बघत होते. माझं नवं मशीन वर्षभर खोक्यात होतं, कारण खोकं उघडायला ह्यांना सवड नव्हती. शेवटी मीच सुरीने उघडलं, तर सुरीने त्याच्या रंगावर ओरखडा पडला. नव्याचं नवेपण तिथेच संपलं. तू तुझ्या जुन्यावर पडदे शिवत होतीस आणि भाऊजी दुसऱ्या टोकाला कापड धरून बसायचे. कापड धरायला माणूस! असलं यंत्र मी कुठल्या दुकानात बघितलं नाही.

तेव्हा उगाच मला शिकवू नकोस.

यंत्राचं म्हणशील तर तुझी मर्जी. मी सांगायचं ते सांगितलं. फार वेळ बसवत नाही, म्हणून इथेच थांबते.

जाऊबाई


११ जुलै

जाऊबाईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. तुमचं पत्र घेऊन मी पुष्कळ वेळ बसले होते. स्टुलाचं मी विसरून गेले होते. ते स्टूल अजून आहे. हे कापड धरायचे ते तुम्ही बघत होतात, हे मला माहीत नव्हतं. आपल्या घरात कोणी बघतंय असं आपल्याला कधी वाटत नाही.

हाडांचा नवा रिपोर्ट आला. थोडी सुधारणा आहे. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, मला फरक कळला नाही. सहा ऑगस्टला ऑपरेशन ठरलं.

दवाखान्यात एका टेबलावर माहिती विचारतात. वय, वजन, औषधं, सगळं सांगितलं. शेवटी त्या मुलीने विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी बाहेर कोण बसणार? डॉक्टरांना काही विचारायचं झालं तर?" मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, "मुलगा? मुलगी?" आम्हाला मूल नाही, हे तिला कसं माहीत असणार. मी म्हटलं, "जागा रिकामी सोडा." ती फार चांगली मुलगी होती. तिने पेन खाली ठेवलं आणि मला पाणी आणून दिलं.

तुमच्यावर रागावून लिहीत नाही. पण खरं ते सांगते. यंत्राचा हेवा मी सोडला आहे. यंत्र आता मलाही मिळणार आहे. खुर्चीचा मात्र सुटत नाही. तुम्ही आत बेशुद्ध होतात आणि तुमचं माणूस बाहेर पाच तास तुमच्यासाठी जागं होतं. हे असते तर दहा तास बसले असते, डबाही आणला नसता. रोज दुपारी तो स्वेटर काढते, नाकाशी धरते आणि परत घडी करून ठेवते. अजून वास आहे. आता असलं काही तुम्हाला लिहिणार नाही.

धाकटी


१८ जुलै

धाकटे,

खुर्ची, खुर्ची, खुर्ची! ऐक मग. एकदाच लिहिते आणि मग हा विषय माझ्या घरात निघता कामा नये.

हे खुर्चीत नव्हते. केस कापायला गेले होते.

हो, केस कापायला! पाच तास लागणार म्हटल्यावर म्हणाले, बसून काय करायचं, समोरच दुकान आहे, गर्दीही नाही. आणि इकडे आत काय झालं? ते यंत्र सगळी मोजमापं एका खिळ्यावरून घेतं. तो खिळा ते कमरेच्या हाडात ठोकतात. माझं हाड पडलं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. दोन स्क्रू बसले आणि खिळा हलला. खिळा हलला की यंत्राला वाटतं सगळं जागच्या जागी आहे आणि पाठ असते भलतीकडे. डॉक्टर अनुभवी. त्यांनी तपासायची बारीक सळई लावून बघितली, पडद्यावरचं आणि हाताखालचं जुळेना. त्यांनी यंत्र बाजूला सारलं. पुढचं हाताने करतो, हे सांगायला एक मिनिट बाहेर आले, तर खुर्ची रिकामी. शेजारी कोणी परकी बाई बसली होती, तिने सांगितलं, "ते गृहस्थ मघाशीच गेले." डॉक्टर आत गेले आणि उरलेले चार स्क्रू हाताने घातले. हे सगळं त्यांनी मला तिसऱ्या दिवशी स्वतः सांगितलं, काही लपवलं नाही. तेव्हा हे पलंगाशी उभे होते. मान मागून अगदी स्वच्छ. मी त्या मानेकडे बघत होते.

रोबोटकाकू कसली, पाव रोबोट आणि बाकी माणूस. पण तोवर मुलाने सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. आता दुकानदाराला काय सांगू?

म्हणून तुला म्हणत होते हातानेच कर. तुझंही हाड माझ्यासारखंच. खरं कारण लिहायला जीभ वळेना. पेन वळेना म्हण.

आणखी एक. खालचा एक स्क्रू सैल झालाय. बसलं की आत काहीतरी किरकिरतं. हा यंत्राने घातलेला की हाताने, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आजी, कोणीही घातला असता तरी भिंतच भुसभुशीत होती." तुला जी महिनोन्‌महिने इंजेक्शनं दिली ती मला दिलीच नाहीत. मुलाला यंत्राची तारीख मिळाली होती, ती सोडवेना. तू फ्रिजमधलं ते पेन रोज टोचतेस आणि तुला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. तेव्हा आता तू हेवा करू नकोस, थोडा माझ्यासाठी शिल्लक ठेव.

जाऊबाई


२७ जुलै

जाऊबाईंना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मला वाईट वाटलं, असं लिहायला हवं. खरं म्हणजे आधी बरं वाटलं. खुर्ची रिकामी होती, या वाक्यापाशी मला हसूही आलं. त्यानंतर त्या हसण्याचं वाईट वाटलं, आणि तुमचं त्याच्याही नंतर. क्रम चुकला, पण झालं ते असं झालं.

तुमच्या खिळ्याची गोष्ट मी डॉक्टरीणबाईंना सांगितली, तुमचं नाव न घेता. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, "ठिसूळ हाडात असं होऊ शकतं. यंत्र जागा अचूक दाखवतं, बहुतेक वेळा माझ्यापेक्षाही अचूक. पण स्क्रूने किती घट्ट धरलंय ते माझ्या मनगटाला कळतं." मी विचारलं, मग दोन्हीपैकी कोण चांगलं? त्या म्हणाल्या, "तुम्ही सुई ओवताना चष्मा चांगला की बोटं?" मी शिवणकाम करते, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बोटांवर खुणा असतील.

तेव्हा असं ठरलं. यंत्र वापरायचं, पण त्याचा खिळा कमरेत न ठोकता मणक्यालाच चिमट्याने धरायचा. प्रत्येक स्क्रूच्या आधी हाताने तपासायचं. जुळलं नाही तर यंत्र बाजूला. स्क्रूभोवती सिमेंट भरणार आहेत. घराला भरतात तसं नाही, वेगळं असतं. हे सगळं त्यांनी दोनदा समजावलं आणि मग ठरवायला मला सांगितलं. मी ठरवलं. यांना न विचारता ठरवलेली ही पहिलीच मोठी गोष्ट.

तुमचा स्क्रू सैल आहे, तर एवढा वेळ बसून पत्र का लिहिलंत? आडवं पडून लिहा. आणि इकडे यायचं मनातही आणू नका. प्रवास झेपणार नाही.

तुमची,
धाकटी


३० जुलै

धाकटे,

पाच तारखेला संध्याकाळी पोहोचते. उशी बरोबर आणतेय. हे मागे राहतील, त्यांना केस वाढवायला सांगितलंय.

जाऊबाई


२ सप्टेंबर

जाऊबाईंना साष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोहोचलात, हे मोठ्या भाऊजींच्या फोनवरून कळलं. ते नेहमीप्रमाणे चार शब्द बोलले. पाचवा शब्द "केस" होता, पुढचं मला ऐकू आलं नाही.

पाठ सरळ आहे. आजपासून काठी घेऊन जिन्यापर्यंत जायला परवानगी मिळाली. पायातल्या मुंग्या गेल्या. माझे आठ स्क्रू आहेत. तुमचे सहा. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तुम्हाला लगेच पत्र पाठवलं नाही. पाठीमुळे, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. त्या सकाळी मला आत न्यायच्या आधी मी अंगातला यांचा स्वेटर काढून तुमच्या हातात दिला. सांभाळा, एवढंच म्हटलं. बाकी काही सांगायला हवं होतं, पण झोपेसाठी दिलेल्या गोळीने जीभ जड झाली होती. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो काढला आणि नाकाशी धरला. तुमच्या पावडरचा वास आला. पुन्हा धरला. आतून, काखेतून, गळ्यापाशी. सगळीकडे फक्त तुमची पावडर.

तुम्ही तो घातला होतात.

मला एवढा राग आयुष्यात कधी आला नसेल. मशीन, कुकर, कोट, सगळं जुनं तुमच्याकडून माझ्याकडे आलं. माझ्याकडे तुम्हाला हवंसं असं एकच होतं, आणि तेही तुम्ही पाच तासांत वापरून टाकलंत, असं वाटलं. काय काय वाटलं ते सगळं लिहीत नाही. कागदावर चांगलं दिसणार नाही.

काल टाके दाखवायला गेले होते. तिथली नर्स म्हणाली, "तुमच्या ताई कशा आहेत?" मी म्हटलं, ताई नाहीत, जाऊ आहेत. ती म्हणाली, "असतील. त्या दिवशी आमचं थंड हवेचं मशीन बिघडून एवढी थंडी झाली होती की बाकीचे सगळे नातेवाईक खाली उन्हात जाऊन बसले. त्या उठल्या नाहीत. मी म्हटलं, आजी, तुमच्या पाठीला हे बरं नाही, खाली जा, मी बोलावते. तर म्हणाल्या, मी उठले आणि तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या तर? चहाला उठल्या नाहीत. शेवटी मांडीवरचा स्वेटर अंगात घातला. तोही आधी दोनदा परत घडी करून ठेवला होता."

आणि डॉक्टरीणबाई खरंच बाहेर आल्या होत्या, हेही तिनेच सांगितलं. सहा स्क्रू यंत्राच्या आखणीप्रमाणे बसले होते. खालच्या दोन ठिकाणी हाड फार मऊ लागलं, तिथे त्यांना हाताने थोडी दिशा बदलायची होती. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, "तुमच्या मनगटाला पटेल ते करा. मी इथेच आहे." तुम्ही मला यातलं काही सांगितलं नाहीत. चहा गार होता, एवढंच सांगितलंत. आणि तोसुद्धा तुम्ही प्यायला नव्हतात.

घरी येऊन मी स्वेटर पुन्हा काढला. खरं सांगू? वास बहुतेक आधीच गेला होता. गेले कित्येक दिवस मी नुसतं नाक लावत होते आणि आहे असं म्हणत होते. तुमच्या पावडरमुळे ते मान्य करावं लागलं, एवढंच. पण तुम्ही तो आधी दोनदा घडी करून ठेवलात, हे मला कळलं. वास शिल्लक असेल, तो जाऊ नये, असं तुम्हालाही वाटलं असणार. मी ते तुम्हाला एकदाच लिहिलं होतं.

बसून वाट बघायची असली की हे तोच स्वेटर घालायचे. स्टेशनवर, मी शिकवायचे त्या शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात. त्या दिवशी तो कामाला लागला, असं मी आता म्हणते.

तरीही तो तुम्हाला देणार नाही. धुणारही नाही. हेवा वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, तुम्ही थोडा शिल्लक ठेवायला सांगितला होतात.

डॉक्टरीणबाईंना मी तुमच्या सैल स्क्रूबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, घाई नको, आधी इंजेक्शनं सुरू करायला सांगा, मग बघू. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, दारात नाही, आतल्या बाजूला. टोचायचं कसं ते मी तिकडे येऊन दाखवीन. आणि तुमची तारीख ठरली की कळवा. मोठ्या भाऊजींना केस आदल्या दिवशीच कापून घ्यायला सांगा, म्हणजे त्यांनाही एक खुर्ची मिळेल. दाराजवळच्या खुर्चीत मी बसेन. स्वेटर घालून येईन. तिथे थंडी असते.

तुमची,
धाकटी

ता.क. फोटो पुन्हा फ्रिजवर लावला आहे.